एक पान राहू दे

मला बघायला आलेल्या माणसांनी सगळ्यात आधी माझं युकुलेले बघितलं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी, आत्या मागून माझा पदर सारखा करतेय, आणि मुलाचे वडील खिडकीतलं ते गिटारसारखं चिमुकलं वाद्य मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवर हलक्या थापट्या मारतायत, दूध पाजून झाल्यावर बाळाला मारतात तशा.

"कुणाचं हो हे लेकरू?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले.

बघायच्या कार्यक्रमात मुलीनं द्यायचं हे उत्तर नव्हे, हे माझ्याही लक्षात आलं, पण तोवर शब्द सुटला होता. आत्यानं घाईघाईनं सारवासारव केली. "म्हणजे बालवाडीत शिकवते ना आमची वृंदा, तिथं पोरांपुढं वाजवते. तुणतुणं आहे हो ते."

"तुणतुण्याला येवढ्या तारा कुठल्या, आत्याबाई?" असं म्हणून ते खदाखदा हसले.

त्यांचं नाव श्रीपती सुतार, पण मिरजेत त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. तिथल्या एका गल्लीत त्यांचा तंबोरे करायचा कारखाना होता. त्यांचा मुलगा निवास त्यांच्याच हाताखाली काम करायचा. तो त्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या घरात, एरवी जिच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात त्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. शेजारी त्याची आई. त्यांना सगळे काकी म्हणायचे. काकींची नजर माझ्या साडीवर होती.

"काठ अगदीच बारीक घेतलास गं," त्या म्हणाल्या.

"मला बारीकच आवडतो," मी म्हणाले. आत्यानं मोठा उसासा सोडला.

आत्याला कुठलीच कड उघडी बघवत नसे. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हाती होतं आणि आत्याच्या हाती क्रोशाची सुई होती. फ्रीजच्या मुठीला झबलं, टीव्हीला मण्यांची झालर, अगदी भिंतीवरच्या कॅलेंडरलाही तिनं लेस शिवली होती. माझ्या युकुलेलेच्या मानेला ती गोंडा बांधायची, मी तो सोडायची, दुसऱ्या दिवशी गोंडा पुन्हा हजर. आमची ही लढाई वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती.

"पोरी, ह्याची कड उघडी पडलीया," आप्पा वाद्यावरून अंगठा फिरवत म्हणाले.

खरंच पडली होती. बालवाडीतली पोरं त्याला 'कुकुली' म्हणायची. त्यांनी कुकुलीला इतक्यांदा कवटाळलं, पाडलं, दारावर आपटलं होतं की वरच्या फळीभोवतीची पट्टी निघून गेली होती आणि जोड तोंड वासायला लागला होता.

"ओल शिरली की फळी उचलंल. मी न्हेतो आन् नवा काठ घालून देतो. बोल, कसा घालू?"

"साधा," मी म्हणाले. "कडेनं एक काळी रेघ. बाकी काही नको."

"बरं बरं. साधाच घालू," आप्पा म्हणाले, आणि काकींकडं बघून त्यांनी डोळे मिचकावले.

त्या मिचकावण्याचा अर्थ मला तिथंच कळला, कारण नेमकं त्याच वेळी आत्या निवासला शिरा वाढत होती. "नको, नको, पुरे," तो बशीवर हात धरून म्हणत होता. "अहो घ्या की, साधाच केलाय," म्हणत आत्यानं त्याच्या बोटांच्या फटीतून बशीत शिरा सोडला. साधाच म्हणजे काजू, बेदाणे, केशर आणि वरून तुपाचं तळं. आमच्याकडं पाहुण्यानं नको म्हणायचं असतं आणि यजमानानं ते ऐकायचं नसतं. पाहुण्यानं नको म्हटलं म्हणून कुणी खरंच हात आखडता घेतला, तर त्या घराची चर्चा पुढच्या पिढीपर्यंत पुरते. या सगळ्यात माझंच काहीतरी बिघडलेलं होतं. मला हवं असलं की मी हवं म्हणायची आणि नको असलं की नको. बाबा हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. ते कौतुकानं म्हणायचे, आमच्या वृंदीचं नको म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आत्या म्हणायची, म्हणूनच हिचं कुठं जमत नाही.

मग रिवाजाप्रमाणं आम्हा दोघांना गॅलरीत धाडलं. निवास कोरफडीच्या कुंडीकडं वळला. तिच्याकडं बघतच म्हणाला, "तुमचा काठ छान आहे."

"कुठला?"

"साडीचा." तो गोंधळला. "म्हणजे दोन्ही. जो घालायला सांगितला तो पण."

मला तो तिथंच आवडला. आता लपवून काय करायचं, आवडला.

"तुम्हाला कसला आवडतो?" मी विचारलं.

त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग आवाज उतरवला. "मलाही साधाच. लाकूड चांगलं असलं की नुसत्या पॉलिशनं उजळतं. त्याच्यावर आणि किती चढवायचं?"

"मग तुम्ही साधे तंबोरे करता?"

"छे हो. आमच्याकडं द्राक्षाची वेल. आजोबांपासनं चालत आलीय. मान, भोपळा, जिथं जागा दिसंल तिथं पानं. ती सगळी मीच कातरून चिकटवतो."

"आणि साधं आवडतं हे आप्पांना कधी सांगितलं नाहीत?"

निवासनं तोंड उघडलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि त्यानं ते गिळलं. ते त्याच्या गळ्यातून खाली जाताना मला चक्क दिसलं.

"आप्पास्नी कसं सांगायचं?" तो म्हणाला.

पाहुणे कुकुलीला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. बाबांनी विचारलं, "मग? काय कळवू त्यांना?"

"मुलगा आवडला," मी म्हणाले. "पण उत्तर युकुलेले परत आल्यावर."

"युकुलेलेचा काय संबंध?"

"त्याला माझ्यासारखंच साधं आवडतं, पण बापापुढं तोंड उघडत नाही. आप्पा काय करणारेत ते मला दिसतंय. तेव्हा तो गप्प बसला, तर जन्मभर गप्पच बसेल. मग माझं नको त्या घरात कोण ऐकणार?"

आत्यानं कपाळाला हात लावला. "काठावरनं स्थळ मोडणारी पहिलीच बघितली बाई!"

मोडायचं कुणाला होतं? मी तर देव पाण्यात घालून बसले होते. बालवाडीत पोरं रोज विचारायची, बाई, कुकुली कुठाय? मी सांगायची, दवाखान्यात. कधी येणार? मलाही तेच हवं होतं. शेवटी आप्पांचा फोन आला. "तयार हाय. रविवारी समदी जेवायलाच या. काय न्हाई, साधाच बेत हाय."

कारखान्यात पाय ठेवला तेव्हा लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास नाकात गेला आणि डोक्याला एक भोपळा लागला. छताला टांगलेले ते वाळके भोपळे बघून बाबा हरखून गेले. कारखान्याच्या मागच्या दारातून सरळ घराचं स्वयंपाकघर दिसत होतं. तिथून जिलबी तळल्याचा वास येत होता. निवास कोपऱ्यात पोतं अंथरून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच हातातल्या पटाशीकडं बघितलं. मला शंका आली.

आप्पांनी गादीवर ठेवलेलं काहीतरी उचललं. वर लाल मखमलीचं फडकं होतं. "काय केलं न्हाई बरं का," म्हणत त्यांनी फडकं ओढलं.

माझी कुकुली मला ओळखता आली नाही. कडेनं काळी, मग पांढरी, मग पुन्हा काळी रेघ. त्यांच्या आत द्राक्षाची वेल सगळ्या फळीवर पसरलेली, पानाला पान भिडलेलं. मधल्या भोकाभोवती दुहेरी नागमोड. मानेवर घोस. आणि डोक्यावर, जिथं खुंट्या असतात तिथं, पिसारा फुलवलेला एक पांढराशुभ्र मोर.

"अगं बाई!" आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नवरीच जणू!"

"वा, आप्पा. कमाल," बाबा म्हणाले.

काम खरोखरच देखणं होतं. एकेका पानाच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या नाजूक. ज्यानं ती पानं कातरली त्याच्या हातांवरून माझा जीव ओवाळून टाकावा असं मला वाटलं. मी वाद्य छातीशी धरलं आणि तारा छेडल्या. आवाज आला तो घोंगड्याखालून आल्यासारखा. वेलीच्या ओझ्यानं फळी हलतच नव्हती.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी निवासकडं बघत होते. निवास पटाशीकडं.

"आप्पा," मी म्हणाले, "काम फार सुंदर झालंय. पण मी साधा काठ सांगितला होता."

"मग साधाच हाय की!" आप्पा खुशीत म्हणाले. "मोर येकच घातलाय. दोन घालनार हुतो."

"मी बाकी काही नको म्हटलं होतं."

"समदीच म्हनत्यात पोरी!" आप्पांनी मांडी ठोकली. "ह्या दारात येनारा हरेक गवई म्हनतो, आप्पा, साधाच द्या हं. आन् साधा दिला, की दुसऱ्याचा नक्षीवाला बघून तोंड पाडून परत येतो. मानूस काय आपल्या तोंडानं म्हननार हाय, की मला मोर पायजे? आपनच वळखायचं असतं. म्हनून मी नको ऐकतच न्हाई."

आत्यानं जोरजोरात मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं. मला मागून तिचा एक चिमटाही बसला, म्हणजे आता गप्प बस.

मी गप्प बसले. चिमट्यामुळं नव्हे. माझं बोलणं झालं होतं आणि पुढचं बोलायची पाळी दुसऱ्याची होती. शेगडीवर सरसाचं भांडं बुडबुडत होतं. मला वाटलं, आता हा गिळणार. गिळलंच यानं. चला, मखमलीत गुंडाळा आणि घरी चला.

"आप्पा," कोपऱ्यातून आवाज आला. इतका बारीक की आधी आप्पांना कळलंच नाही कोण बोलतंय. "त्यांनी नको म्हटलं होतं. नको म्हणजे नको असंल की."

आप्पा वळले. निवास उभा राहिला होता. कान लालभडक.

"आणि मलाही नको," तो म्हणाला.

"तुला काय नको?"

"येवढी वेल. सगळ्यावर."

मग तो भिंतीकडं गेला आणि रचून ठेवलेल्या भोपळ्यांच्या मागून त्यानं एक वस्तू काढली. शिसवाची बारीक, काळीभोर पट्टी होती. गरम करून वाकवलेली. कुकुलीच्या अंगाची सगळी वळणं तिच्यात उतरली होती, अगदी कमरेच्या बाकापर्यंत. त्यानं ती आप्पांच्या हातात दिली.

आप्पांनी ती डोळ्यांजवळ नेली. "हे कवा केलंस?"

"वाद्य घरी आणलं त्याच रात्री."

"सांधा कुठं हाय?"

"बुडाशी. दिसू नये असा."

आप्पा बोटानं सांधा शोधत राहिले. तो त्यांना मिळाला की नाही कोण जाणे. त्यांचा चेहरा मात्र असा झाला, की आता हसावं की रागवावं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. "आरं, मग आजवर हजारानं पानं कातरलीस ती?"

"पानं कातरायला आवडतंय, आप्पा. चिकटवायला नाही."

आप्पा एकदम उठले आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. बाबांनी चष्मा पुसायला घेतला. "झालं तुझं समाधान?" आत्या माझ्या कानात म्हणाली. निवास माझ्याकडं बघून कसंनुसं हसला. आणि खरं सांगते, त्या क्षणी आप्पांनी आम्हाला जेवल्याविना हाकलून दिलं असतं तरी मला चाललं असतं. त्यानं तोंड उघडलं होतं. मला आतून उकळ्या फुटत होत्या आणि त्या चेहऱ्यावर दिसू नयेत म्हणून मी मोराकडं बघत बसले.

आतून काकींचा आवाज आला. "अहो, ती माझी भाजीची सुरी हाय! गॅसवर काय धरताय?"

आप्पा परत आले ते तापलेली सुरी घेऊनच. खाली बसले, कुकुली मांडीवर घेतली, सुरीचं टोक मोराच्या पायाखाली सारलं आणि माझ्याकडं बघितलं.

"मोर नको?"

"नको."

सरस ढिला झाला आणि टक् करून मोर सुटला. आप्पांनी तो अलगद आत्याच्या ओंजळीत ठेवला, आणि आत्यानं तो जो पदरात बांधला तो आजही तिच्या टीव्हीवर उभा आहे.

"हे पान?"

"नको."

"हे?"

"नको, आप्पा."

"ह्ये तरी ऱ्हाऊ दे की. बघ कसलं वळान हाय!"

"नको."

पंगतीत आग्रह करत फिरतात ना, तसंच ते चाललं होतं, फक्त उलटं. तिथं नको म्हटलं की पानात पडतं, इथं नको म्हटलं की पान निघत होतं. आधी बाबांना हसू फुटलं, मग निवासला, आणि शेवटी आप्पांनाच इतकं हसू आलं की सुरी खाली ठेवून त्यांना डोळे पुसावे लागले. सुरी गार व्हायची, निवास ती तापवून आणायचा, काकी आतून ओरडायच्या, पुन्हा नको-नको सुरू. नागमोड गेली, घोस गेले, कडेच्या काळ्या-पांढऱ्या रेघा गेल्या. आप्पांच्या पुढ्यात पानांचा ढीग पडला. मधून मधून आप्पा तारा छेडून बघायचे. दर वेळी आवाज थोडा मोकळा झालेला असायचा, आणि आप्पांची मान थोडी जास्त डुलायची.

शेवटी एकच पान उरलं. खालच्या बाजूला, वाजवताना हाताची कड जिथं येते तिथं. आप्पांनी सुरी टेकवली आणि थांबले. या वेळी ते हसत नव्हते.

"पोरी," ते म्हणाले, "आता येवढंच ऱ्हायलंय. हे ठेवू का काढू?"

आग्रह नव्हता तो. त्यांनी विचारलं होतं, आणि विचारून उत्तरासाठी थांबले होते. निवास त्यांच्या मागं शिसवाची पट्टी धरून उभा होता. त्याचे कान अजून लालच होते. मी त्या पानाकडं नीट बघितलं. नुसत्या लाकडावर एकटंच होतं ते, आणि एकटं असल्यामुळंच त्याची प्रत्येक शीर दिसत होती. मला ते मनापासून आवडलं.

"राहू दे," मी म्हणाले. "एक पान राहू दे."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. हातात झारा घेऊन काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. आतापर्यंतचं त्यांनी काय ऐकलं होतं देव जाणे, पण हे मात्र बरोबर ऐकलं होतं.

"मी आत पानं घेतीया आन् तुमी ऱ्हाऊ दे म्हनताय?" त्या म्हणाल्या. "कुनाचं पान ऱ्हाऊ दे? कोन जेवनार न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बाबांकडं बघितलं. उत्तर युकुलेले परत आल्यावर देणार होते ना? युकुलेले तर समोरच होतं.

"माझं पान, काकी," मी म्हणाले. "राहू दे. इथंच. कायमचं."

काकींना कळायला जरा वेळ लागला. आत्याला लागला नाही. तिनं मोरासकट पदर डोळ्यांना लावला. काकींनी झारा निवासच्या हातात दिला, पाकाच्या हातांनीच माझे गाल धरले आणि म्हणाल्या, "आता साडी तरी चांगल्या रुंद काठाची घेऊ बरं का."

"बारीकच," मी म्हणाले.

"बरं बाई, बारीक!" आणि मी दचकलेच, कारण त्या खरंच ऐकून आत निघून गेल्या.

ते पान अजून तिथंच आहे. बालवाडीच्या किती पोरांची बोटं त्यावरून फिरली असतील, आता त्याच्या शिरा दिसतात त्यापेक्षा हाताला जास्त लागतात. भोवतीनं शिसवाची काळी रेघ आहे. तिचा सांधा मलाही सापडलेला नाही. आप्पा पुढं गिऱ्हाइकाला विचारायला लागले, साधं म्हंजे कुनाचं साधं? तुमचं का आमच्या सुनेचं?

पण सांगायची राहिली ती त्या दिवशीची जिलबी. आम्ही सगळे ओळीनं जेवायला बसलो. साध्या बेतात दोन भाज्या, मसालेभात, आमटी आणि जिलबी. काकी जिलबीचं ताट घेऊन माझ्यापुढं आल्या. आता सगळं ठरलेलं, निवास समोर बसलेला, बाबा माझ्याकडं कौतुकानं बघतायत. मला काय झालं कुणास ठाऊक. मी लाजले, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून इतरांसारखं, अगदी रीतीचं "नको" गेलं.

काकींचा हात हवेत थांबला. त्यांनी आप्पांकडं बघितलं.

"नको म्हनली म्हंजे नको," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "आमाला कळलंय आता."

आणि जिलबीचं ताट माझ्या डोळ्यांदेखत पुढं सरकून आत्याकडं गेलं. कुरकुरीत, गरम, पाक गळणारी जिलबी. मला ती कारखान्यात पाय ठेवल्यापासून हवी होती. आता मागायची कोणत्या तोंडानं?

समोरून निवासनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मग काही न विचारता त्यानं आपल्या पानातली अजून न मोडलेली जिलबी उचलली आणि हात लांब करून माझ्या पानात ठेवली.

"आरं, ती नको म्हनली न्हवं?" आप्पा म्हणाले.

"ते नको तसलं नव्हतं, आप्पा," निवास म्हणाला.

मी ती जिलबी खाल्ली, आणि आणखी एक मागून घेतली.